ते इन्सुलिन नेमकं कुणाचं होतं?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "कंट्रोल, कंट्रोल म्हणजे एवढं काय असतं?" व्याख्या तुम्ही पाठ केलेली असतेच. म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो.

२००० साली कॅनडातल्या एडमंटनहून बातमी आली. टाइप १ मधुमेहाच्या सात रुग्णांना मृत दात्यांच्या स्वादुपिंडातले आयलेट्स, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके, दिले गेले आणि सातही जणांची इंजेक्शनं थांबली. पण एका रुग्णासाठी दोन-दोन दात्यांचे आयलेट्स लागत होते. एवढे दाते आणायचे कुठून? मग लॅबमध्येच बीटा पेशी वाढवल्या तर?

पुढच्याच वर्षी 'सायन्स'मध्ये पेपर आला. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेतल्या रॉन मॅके यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणातल्या स्टेम सेल्स पाच टप्प्यांतून वाढवल्या होत्या. शेवटी पेशींचे आयलेटसारखे गोळे तयार झाले. इन्सुलिनची अँटिबॉडी लावली की त्या पेशी चमकायच्या, ग्लुकोज दिलं की इन्सुलिन बाहेर यायचं. अजून काय हवं? जगभरातल्या लॅब त्या पद्धतीच्या मागे लागल्या.

२००३ मध्ये हार्वर्डच्या डग मेल्टन यांच्या लॅबमधून, राजगोपाल आणि सहकाऱ्यांचा, एक छोटासा पेपर आला. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. पेशी ज्या माध्यमात वाढतात त्यात आपणच इन्सुलिन घालतो ना? मग पेशीत दिसतंय ते इन्सुलिन तिनं बनवलेलं कशावरून?

हे तपासायची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ च्या सुमारास दाखवलं होतं की बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाची एक लांब साखळी बनवते. त्यातला मधला तुकडा कापला जातो, तो सी-पेप्टाइड. एका इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड, हिशोब चोख. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये मात्र हा तुकडा नसतो. म्हणजे सी-पेप्टाइड सापडलं तर माल घरचा, नाहीतर बाजारातून आणलेला.

मेल्टन यांच्या गटाला त्या पेशींत सी-पेप्टाइड सापडलं नाही. चमकणारा रंग जोडलेलं इन्सुलिन माध्यमात टाकलं, तर पेशींनी तेही आत ओढून घेतलं. वर्षभराने स्वीडनमधल्या एका गटाने दाखवलं की बाहेर येणारं इन्सुलिनही आधी शोषलेलंच होतं. पाहुण्यानं आणलेले पेढे त्यालाच बशीत घालून द्यावेत, तसा प्रकार.

यात कुणी लबाडी केली नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. पहिल्या वर्षी मीही मायक्रोस्कोपखाली एक सुंदर हिरवा ठिपका बघून आनंदानं ओरडलो होतो. प्राथमिक अँटिबॉडी न लावलेली स्लाइड दुसऱ्या दिवशी पाहिली. तीही तितकीच हिरवी!

आणि दुसऱ्यांची चूक पकडणारा स्वतः चुकत नाही असंही नाही. २०१३ मध्ये मेल्टन यांच्याच लॅबने बीटाट्रॉफिन हे प्रथिन उंदरांत बीटा पेशी वाढवतं असं 'सेल'मध्ये जाहीर केलं. इतरांना ते जमेना. तेव्हा त्यांनी शंका घेणाऱ्या लॅबबरोबरच प्रयोग पुन्हा केले आणि २०१६ मध्ये पेपर मागे घेतला. मेल्टन यांच्या दोन्ही मुलांना टाइप १ मधुमेह आहे. तो निकाल खरा ठरावा असं त्यांच्याइतकं कुणाला वाटलं असेल?

मधल्या काळात मुख्य काम थांबलं नव्हतं. २००६ मध्ये नोव्होसेल कंपनीच्या गटाने मानवी स्टेम सेल्सना गर्भात स्वादुपिंड घडतं त्याच क्रमाने नेलं आणि सी-पेप्टाइड मोजून दाखवलं. मात्र त्या पेशी ग्लुकोजला जेमतेम दाद देत होत्या, काही तर एकाच वेळी दोन हार्मोन बनवत होत्या. ग्लुकोजला नीट प्रतिसाद देणाऱ्या पेशी मेल्टन यांच्या लॅबला मिळाल्या २०१४ मध्ये, तेही कोट्यवधींच्या संख्येने.

२०२५ मध्ये अशा पेशींच्या मानवी चाचणीचा अहवाल आला. पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र चालूच ठेवावी लागतात, ही लहान गोष्ट नाही.

तो अहवाल वाचाल तेव्हा सी-पेप्टाइडचे आकडे आधी बघा. हे रुग्ण आधी रोज बाहेरून इन्सुलिन टोचून घेत होते, त्यामुळे रक्तातलं नुसतं इन्सुलिन मोजून काहीच कळलं नसतं. पेशी देण्याआधी त्यांच्यापैकी कुणाच्याही रक्तात सी-पेप्टाइड सापडत नव्हतं. नंतर सगळ्यांच्या रक्तात सापडलं.