तळटीप : ‘राऊळ’

राऊळ : रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना गावकरी ‘राऊळ’ म्हणत, म्हणून इथे मंदिर असा अर्थ लावू नये. मूळ संस्कृत शब्द ‘राजकुल’. दोन स्वरांमधले ज आणि क झिजले, ल चा ळ झाला. ‘देवकुल’चे ‘देऊळ’ नेमके असेच घडले. दोन्ही शब्द शेजारी ठेवून मोठ्याने म्हणावेत, झीज कानालाच कळते. राजाचे घराणे, मग त्याचा वाडा, त्यावरून देवाचा वाडा असा अर्थ सरकत गेला. माणसाला लावला की तो आदराचा शब्द. द्वारावतीचे चांगदेव राऊळही याच मानाने ओळखले जातात. कोकणात तो आडनाव होऊन राहिला. म्हाइंभटांच्या गोविंदप्रभुचरित्रात मात्र त्याला वेगळीच ऊब आहे. दारोदार फिरणाऱ्या, वेड्यासारखे वागणाऱ्या या पुरुषाला रिद्धपूरकर अडीअडचणीत राऊळ म्हणून हाक मारतात आणि त्याच दमात त्याला आईही म्हणतात, बापही. राजवाड्याचा शब्द असा चुलीपर्यंत आला. म्हणून आम्ही संहितेत तो तसाच ठेवला आहे. ‘महाराज’ असा बदल केलेला नाही.