मोडनिंबच्या वाटेवरील लोहयंत्राची परीक्षा

कल्पितकथांतील महाकाय पोलादी योद्ध्याला रणांगणी धाडण्यापूर्वी तो स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही हे ताडून पाहावे लागते. त्याच प्रतीची परीक्षा मोडनिंब गावावरून पुढील काळात धावलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या यंत्रांना 1896 साली इंग्लंडात लीड्सनजीक न्यूले येथे द्यावी लागली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवर सात फूट रुंद डबे चालवण्याचे योजिले होते, तेव्हा ते वळणावर कलंडतील ही शंका कोणाही जाणत्याच्या मनात येणे स्वाभाविकच होते. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही अवजड माल निर्वेध जाईल, हे त्याचे सूत्र. आणि माझ्या मते त्याची खरी प्रतिभा या समान भारवाटपातच होती.

1897 मध्ये बार्शीची गाडी सुरू झाली. 1906 साली कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे पंढरपूरपर्यंत फाटा पोहोचला, आणि वारकऱ्यांची पायपीट हलकी झाली.

याच कॅलथ्रॉपने पुढे मित्र चार्ल्स रोल्स याच्या 1910 मधील विमान-अपघाती मृत्यूने व्यथित होऊन ‘गार्डियन एंजल’ ही हवाई छत्री सिद्ध केली. 1917 साली ती बांधून एका सैनिकी अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी घेतली, आणि तो सुखरूप उतरला. तरीही इंग्रज लष्करी खात्याने आपल्या वैमानिकांना ती देण्यास महायुद्ध सरत येईपर्यंत विलंब लावला, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशकारक वाटते.