खेळाडूबाह्य पात्र
कल्पनारम्य भूमिका-खेळात जे पात्र कोणाही खेळाडूच्या वाट्यास येत नाही व ज्याच्या वतीने खेळाचा पंचच बोलतो आणि वागतो, ते पात्र. सराईवाला, भाडोत्री सैनिक, गावचा पुजारी, खलनायक हे सर्व यात मोडतात. हा खेळ टेबलाभोवती बसून, कागद व फासे यांच्या साहाय्याने, मुख्यतः संभाषणातून खेळला जातो.

पंचाची प्रथा युद्धखेळांतून आली. प्रशियन अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या लष्करी खेळात दोन्ही पक्षांच्या हालचालींचा निवाडा पंच करीत असे. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनकालीन एका काल्पनिक नगराचा खेळ मांडला व त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी व्यक्तींच्या भूमिका दिल्या. याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) याने गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) याच्यासह १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला.

या पहिल्या नियमावलीत खेळाडूबाह्य पात्र मुख्यतः पगारी नोकर म्हणून येते. नोकरीचा प्रस्ताव मांडल्यावर दोन फासे टाकावयाचे : २ पडल्यास समोरचा हल्ला करू पाही, १२ पडल्यास तो उत्साहाने रुजू होई. त्याची निष्ठाही अंकांत मोजली जाई आणि दीर्घ सेवा वा इनामाने ती वाढे. व्यवहार रोकडा असला, तरी पात्राला नकाराचा अधिकार होता, ही गोष्ट लहान नव्हे. १९७९ च्या पंचासाठीच्या मार्गदर्शक ग्रंथात स्वभाव, धैर्य, प्रामाणिकपणा, काटकसर इत्यादींची कोष्टके आली. फाशांवर जुळविलेले असे स्वभाव पुष्कळदा विसंगत निघत. मात्र विसंगतीचा मेळ घालताना पंचाला माणूस सुचे. त्याच वर्षीच्या, हॉमलेट नावाच्या खेड्यावरील साहसपुस्तिकेत घरोघरचे रहिवासी व त्यांनी दडविलेले धन यांची नोंद असून तेथील दोन व्यापारी शत्रूचे हस्तक आहेत.

पुढचा प्रश्न अधिक बिकट होता. पात्राला स्वतःचा हेतू दिला, की ते पंचाचे लाडके होण्याचा धोका संभवतो. मग खेळाडूंचे निर्णय नाममात्र उरतात. ट्रेसी व लॉरा हिकमन यांच्या ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) मध्ये रक्तपिपासू सरदार स्ट्राड याचा हेतू पत्ते काढून ठरतो. म्हणून कथा पंचालाही आधी पूर्ण ठाऊक नसते. याउलट १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत ट्रेसी हिकमन यानेच महत्त्वाच्या खलपात्रांचा मृत्यू संदिग्ध ठेवण्याची सूचना दिली, कारण ती पुढील भागांत हवी होती. कादंबरीला हे शोभते. खेळात विजय मिळविलेल्या खेळाडूला ही फसवणूक वाटल्यास नवल नाही.

व्हिन्सेंट बेकर याच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या प्रलयोत्तर जगावरील खेळात पंचास दोन आज्ञा एकत्र आहेत : प्रत्येक व्यक्तीला नाव द्यावे, आणि आपल्या पात्रांपैकी कोणालाही वाचविण्यासाठी धडपडू नये.