घड्याळाची स्प्रिंग आणि माझी दाढ

दाढ दुखायला लागली की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. लवंग, हिंग, मिठाचं पाणी असे सगळे उपचार संपल्यावर मी एकदाचा दंतवैद्याच्या खुर्चीत आडवा झालो.

"काढायची नाही, वाचवू या. रूट कॅनॉल करू," म्हणत डॉक्टरांनी एक डबी उघडली. आत रंगीत मुठींच्या बारीक सुया वऱ्हाडासारख्या नटून उभ्या!

"सुया नव्हेत, या फाइली."

माझी सगळी नोकरी कचेरीत फाइली पुढे सरकवण्यात गेली. आता फाइल माझ्यात सरकणार होती.

घरी येऊन या फाइलींचं मूळ धुंडाळलं. मूळपुरुष निघाले अमेरिकेतले एडवर्ड मेनार्ड. १८३८ साली या गृहस्थांनी घड्याळाची स्प्रिंग कानशीने घासली आणि दाताच्या मुळातली नस काढण्याचं हत्यार बनवलं. ईथरची भूल गाजली १८४६ साली. म्हणजे मधली आठ वर्षं पेशंटांनी काय केलं असेल, ते विचारू नये. याच मेनार्डसाहेबांनी १८४५ साली बंदुकीसाठी बारुदाच्या टिकल्यांची गुंडाळी काढली. आपल्या दिवाळीतल्या टिकल्यांच्या रोलची ती थेट पणजी!

पुढे केर कंपनीने चौकोनी तारेला पीळ देऊन फाइल केली. 'के फाइल' हे नाव तिथलंच. पण नंबरांचा गोंधळ होता. एका कारखान्याचा तीन नंबर दुसऱ्याच्या तीनशी जुळेल तर शपथ! १९५८ साली जॉन इंगल आणि त्यांच्या सहकाऱ्याने मापं ठरवण्याचा आग्रह धरला. आज १५ नंबरच्या फाइलीचं टोक ०.१५ मिलिमीटर, आणि पुढे दर मिलिमीटरला जाडी ०.०२ ने वाढते. पांढरी १५, पिवळी २०, तांबडी २५. एवढी शिस्त आमच्या कचेरीतल्या फाइलींना कधी लागली नाही. १९८८ साली तर दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियमच्या तारेची फाइल झाली. वाकड्या मुळात ती स्वतःच वाकते. नोकरीत मीही तेच केलं.

हे सगळं वाचताना वडील आठवत राहिले. दुखला दात की उपट, हाच त्यांच्या वेळचा न्याय. पन्नाशीतच बत्तिशी गेली. फाइली तेव्हाही जगात होत्या. फक्त आमच्या तालुक्याला पोचल्या नव्हत्या. दिवाळीत ते चकली चहात बुडवून खायचे आणि "अशीच छान लागते" म्हणायचे. आम्हा मुलांना ते खरंच वाटायचं.

परवा दिवाळीत त्याच वाचलेल्या दाढेखाली मी चकली धरली. बाहेर नातवाने टिकली उडवली, आत माझी चकली मोडली. दोन्ही आवाज मेनार्डसाहेबांचेच. दुसरी चकली मात्र मी चहात बुडवून खाल्ली. खरं सांगतो, छान नाही लागली.