चौरस फुटाचा भाव

मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. १९५४ साली एका नॉर्वेजियन डॉक्टरने ते १,४०० रुपयांना घेतलं होतं. बातमी वाचून आमच्या बागेतल्या कट्ट्यावर सगळ्यांचा एकच सूर, "बिचारा फसला हो!" मला काही तसं वाटत नाही. भाचीची मुलगी सध्या पहिल्याच प्रदर्शनाच्या किमती ठरवत बसली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. त्या कामाचा भाव चौरस फुटावर, आणि तोही आण्यांत! 'ग्रामयात्रा' जवळजवळ चौदा फूट लांब, सुमारे तीन फूट उंच. आता मास्तरी हिशेब करा. फुटाला तेहतीस-एक रुपये पडले. १९५४ साली आमच्या घरात वर्षभराची मिळकत १,४०० च्या आतच असे. तेव्हा ही रक्कम थोडी म्हणवत नाही.

शिवाय घेणार कोण होतं? १९४७ साली हुसेन, सूझा, रझा, आरा वगैरेंनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तेव्हा असली चित्रं घेणारे मुंबईत बोटांवर मोजण्याइतके. लँगहॅमर, लायडन, श्लेसिंजर हे मोठे पाठीराखे तर हिटलरमुळे युरोप सोडून आलेले. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ मध्ये. त्याआधी केकू गांधी आपल्या फ्रेमच्या दुकानात या मंडळींची चित्रं लावत. फ्रेम घ्यायला आलेल्या माणसाला चित्र दिसायचं! अशा ठिकाणी गिऱ्हाइकाच्या खिशाकडे बघूनच आकडा सांगावा लागतो. आरा तर मोटारी धुऊन पोट भरत चित्रकलेत आलेले. चित्र विकलं की पुढचे रंग आणता येतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. (माझं मत विचाराल तर पोरीने रंग, कॅनव्हास, फ्रेम आणि दिवसांची मजुरी निघेल एवढं मागावं. नातेवाइकांना फुकट मात्र देऊ नये!)

असो. खरा प्रश्न पुढच्या विक्रीचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आलं. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. चित्रकारांपैकीच कितीजणांना हे ठाऊक असेल? 'ग्रामयात्रा' मात्र विकलं गेलं अमेरिकेत, आणि तिथे आपलं कलम चालत नाही.