चारीच्या शेवटच्या शेतापर्यंत

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या धरणात दिसणारे पाणी सगळे सिंदफणा नदीचे नसते. पैठणहून 132 किलोमीटरच्या उजव्या कालव्याने गोदावरीचे पाणीही येथे आणता येते. पैठणचा नाथसागर 1976 मध्ये पूर्ण झाला, माजलगावचे धरण 1987 मध्ये. शाश्वत विकासात तंत्रज्ञान कुठवर पुरते, हे शिकू पाहणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी असे मला वाटते.

एवढ्या लांबून पाणी आणणे हे मोठे काम आहे; त्याला कमी लेखणारा अभ्यास माझ्या मते उथळच. पण पाणी आणायचे कसे, एवढेच कालवा सांगतो. ते कोणाला, किती आणि कोणत्या पिकाला, हे माणसांनी ठरवायचे असते. धरणाच्या भोवती ऊस उभा राहिला, कारखाने आले. आणि याच बीड जिल्ह्यातून दरवर्षी नवरा-बायकोची जोडी, जिला इकडे ‘कोयता’च म्हणतात, दुसऱ्यांचा ऊस तोडायला परजिल्ह्यात जाते.

ठिबकचेही तसेच. एकरी पाणी वाचते. वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लागला, की विहिरीतला उपसा होता तेवढाच राहतो. कोळशाबाबत हेच कोडे अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी 1865 मध्ये मांडले होते. 2015 आणि 2019 मध्ये मराठवाड्यात विमानातून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. त्यालाही आधी पाणी धरलेले ढग लागतात. अवर्षणात नेमके तेच नसतात.

उलट उदाहरण पुरंदरच्या नायगावचे. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीत पंप आणि पाइप इतरत्र असतात तेच होते. नियम मात्र वेगळे: पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही.

म्हणून या विषयात अभियंता, कृषितज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एकाच बाकावर बसतात. 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा वाचावा लागतो, तसे पाणीपाळीचे वेळापत्रकही. नव्या वाचकाला हे अवघड वाटेल, पण दार सर्वांना उघडे आहे, आणि शेतकऱ्याच्या घरातून येणाऱ्याकडे निम्मे ज्ञान आधीच असते.

पुढची पाने उलटण्याआधी एक विनंती. आपल्या गावच्या चारीच्या कडेने शेवटच्या शेतापर्यंत चालत जा, आणि गेल्या पाळीला पाणी तिथवर पोचले का, हे त्या शेतातल्या माणसाला विचारा.