हो मिमी

हो मिमी : (१९ डिसेंबर २००२). दक्षिण कोरियाची ज्युदोपटू. ५७ किलो वजनगटातील २०२४ ची जागतिक विजेती आणि त्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेती. जन्म टोकियोत, वडील कोरियन, आई जपानी. वडील स्वतः ज्युदो खेळत. त्यांच्यामुळे लहानपणीच ती मॅटवर उतरली. पुढे वासेदा विद्यापीठात तिने शिक्षण घेतले.

जपानमध्ये घडलेली ही खेळाडू कोरियाकडे वळली ती आजीमुळे. २०२१ मध्ये वारलेल्या आजीची इच्छा होती, की नातीने कोरियाकडून खेळावे. मिमी ग्योंगसांगबुक प्रांताच्या संघात दाखल झाली. तिथे घराण्याचा शोध घेतल्यावर कळले, की ती हो सोक यांची वंशज आहे. जपानी राजवटीविरुद्ध पत्रके लावल्याबद्दल १९१८ च्या सुमारास तुरुंगवास भोगलेले हे स्वातंत्र्यसैनिक. २०२३ मध्ये तिने जपानी नागरिकत्व सोडले.

तिचे खरे अस्त्र सेओई-नागे. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकण्याचा हा डाव आपल्या आखाड्यातील धोबीपछाडच्या जवळचा. मिमी तो गुडघ्यांवर खाली जाऊन, विजेच्या वेगाने टाकते आणि फसला तरी लगेच पुन्हा टाकते. २०२२ मध्ये तिबिलिसी ग्रँड स्लॅमचे सुवर्ण तिने मिळवले.

मे २०२४ मध्ये अबू धाबीतील जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत कॅनडाच्या क्रिस्टा देगुचीला तिसरा शिदो, म्हणजे दंड, मिळाला. तीन शिदो म्हणजे पराभव, त्यामुळे मिमी जिंकली. १९९५ नंतर कोरियन महिलेचे हे पहिलेच जागतिक विजेतेपद. देगुचीही जपानमध्येच जन्मलेली आणि वडिलांच्या देशाकडून खेळणारी.

२९ जुलैला पॅरिसमध्ये याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. उपांत्य फेरीत मिमीने ब्राझीलची माजी ऑलिंपिक विजेती राफाएला सिल्व्हा हिला हरवले होते. अंतिम लढतीत नियमित चार मिनिटांत कोणालाच गुण मिळाला नाही. गोल्डन स्कोअरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, दोघींच्या नावावर दोन-दोन शिदो असताना मिमीने पुन्हा डाव टाकला. पंचांनी तो खोटा हल्ला ठरवला आणि तिसऱ्या शिदोने सुवर्ण देगुचीकडे गेले. ज्युदोत फेकण्याचा खरा हेतू नसताना केलेल्या हल्ल्याला हा दंड असतो. मिमी मात्र सतत चाल करून जात होती. तिच्या प्रशिक्षक किम मी-जंग यांनीही तिचा हल्ला खोटा नव्हता असेच सांगितले. किम या स्वतः १९९२ च्या ऑलिंपिक विजेत्या. त्यांचा शब्द हलका घेता येत नाही. खुद्द मिमीने हा खेळाचाच भाग म्हणून निर्णय स्वीकारला. सुवर्ण जिंकल्यास पदकमंचावर गाता यावे म्हणून तिने कोरियाचे राष्ट्रगीत पाठ केले होते. देगुचीचे यश उणे नाही. पण जगातील दोन अव्वल ज्युदोपटूंच्या दोन्ही मोठ्या लढती डावाऐवजी दंडावर सुटाव्यात, हे नियमांचे अपयशच म्हणावे लागेल.

पॅरिसमध्येच मिश्र सांघिक गटात जर्मनीला नमवून कोरियाने कांस्य मिळवले. त्या संघात मिमी होती. मायदेशी परतताच, ऑगस्टमध्ये, ती गुनवी येथील हो सोक यांच्या स्मारकाला पदके घेऊन गेली. २०२५ मध्ये जर्मनीतील जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत तिने ५७ किलो गटाचे सुवर्ण जिंकले. ज्युदोतील कोरियन महिलांचे अखेरचे ऑलिंपिक सुवर्ण मात्र अजूनही १९९६ चे, चो मिन-सन यांचे आहे.